चोख पाणी

"तुमच्या पाण्यानं माझी रोपं जाळली!"

केंद्राच्या वळणावरच दोघांची टक्कर झाली. तिची नमुन्याची बाटली खाली घरंगळली आणि त्याच्या कुंडीतलं करपलेलं रोप थेट तिच्या नाकाला लागलं.

तेलविहिरीतून तेलाबरोबर खारट, मचूळ पाणीही वर येतं. ते शुद्ध करणाऱ्या केंद्रात ती रसायनतज्ज्ञ. आणि हा शेजारचा रोपवाटिकावाला, ते पाणी घ्यायला तयार झालेला एकुलता एक माणूस! त्यानं पाठ फिरवली की केंद्राला टाळं लागणार, तिच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरणार.

"माझं पाणी चोख आहे," ती ताडकन म्हणाली.

"मग काय रोपांनी नाटक केलं?"

डोळे रागावलेले होते… पण छान होते मेले!

ती तरातरा त्याच्याकडे पाणी पोचवणाऱ्या टँकरपाशी गेली, तोटीत बोटं घालून आतून खरवडलं. नखांत पांढरं मीठ! टँकरवाल्या काकांनी आधी विहिरीचं खारं पाणी वाहिलं होतं आणि टाकी न धुताच तिचं चोख पाणी भरलं होतं. काकांनी जीभ चावली.

"चुकलो बाई," रोपवाटिकावाला ओशाळून हसला. "शिक्षा?"

"टँकर बंद. थेट पाइप टाकू. चर तुम्ही खणायचा!"

त्यानं मुकाट्यानं खणला. ती रोज बघायला जायची, कामासाठीच हं…

"पाइपाकडे बघा जरा!" तो तिच्याकडेच बघत राहिला की ती दटावायची.

"पाइप काय, कुठं पळून जातोय?"

आणि पाणी सोडायचा दिवस उजाडला. रोपवाटिकेत त्याच्या हाती केंद्रातला वायरलेस दिला होता. इकडे केंद्रात तिनं पाइपाची झडप उघडली.

"पोचलं?"

खरखर… खरखर…

"पोचलं! मीठ मोजायचा मीटर लावला. तुम्ही म्हणाला होतात त्याहूनही मीठ कमी! हे पाणी मी कायमचं घेणार!"

केंद्रभर एकच जल्लोष झाला. तिच्या शेजारी उभ्या केंद्राच्या साहेबांनी तर टोपीच उडवली.

"आणि… अजून एक… तुम्ही मला फार आवडता. माझ्याशी लग्न कराल?"

बिचाऱ्याला काय ठाऊक, सगळे वायरलेस एकाच लाइनीवर! पंपघर, फाटक, प्रयोगशाळा… सगळीकडे ऐकू गेलं. मग काकांचा आवाज आला, "बाई, बोला लवकर, आम्ही कामं सोडून बसलोय!"

ती कानापर्यंत लाल झाली. मग तिनं बटण गच्च दाबलं.

"हो! ऐकलंत ना सगळ्यांनी? हो, हो, हो!"

आणि वायरलेस साहेबांच्या हातात कोंबून ती पाइपाच्या कडेकडेनं रोपवाटिकेकडे धावत सुटली.