रमजानचाचांचा डावा पाय

अंगणातून मोटार निघताना पुन्हा तोच आवाज झाला, दातांवर दात घासावेत तसा. पायरीवर बसलेल्या अनवरीने मान खाली घातली.

एकोणीसशे अडतीसचा उन्हाळा होता. जळगावात डॉक्टर इंदिराबाईंची जुनी मोटार अनवरीचे अब्बा, रमजान, कित्येक वर्षं चालवत होते. पण हल्ली गिअर टाकला की खरखराट ठरलेला. "रमजानचाचांचा पाय थकला आता," असं इंदिराबाईंचा भाचा छगन सगळ्यांना सांगत सुटला होता. सोमवारपासून नवा ड्रायव्हर येणार होता. अब्बांनी वाद घातला नाही. हिवाळ्यापासून त्यांचा गुडघा दुखत होता, त्यामुळे त्यांनाही ते खरं वाटू लागलं होतं. संध्याकाळी खाटेवर बसून ते डावं पाऊल वरखाली हलवून बघत. अनवरीला ते बघवत नसे.

शाळेला सुट्टी होती. अनवरी, तिचा धाकटा भाऊ नासीर आणि डॉक्टरांची मुलगी कुंदा दुपारी बंद मोटारीपाशी जमले. अनवरीने सीटवरून खाली घसरत दोन्ही पायांनी क्लच दाबला आणि गिअरचा दांडा ढकलला. तो मुकाट्याने आत गेला. पुन्हा केलं, तरी तसंच.

"गिअरचे दाते तुटले असते, तर आत्ताही अडकले असते," अनवरी विचार करत म्हणाली. "हा ओरडतो फक्त इंजिन चालू असताना. म्हणजे क्लच दाबला तरी इंजिन गिअरला सोडतच नाही."

"पण का सोडत नाही?" कुंदाने विचारलं.

नासीर मोटारीखाली सरपटत गेला. क्लचच्या पेडलला जोडलेली सळई वाकली होती. पेडल तळाला टेकलं, तरी ती पुरती ओढली जात नव्हती. तो बाहेर आला, तेव्हा त्याच्या मुठीत सळईला अडकलेले काथ्याचे धागे आणि ओली होऊन वाळलेली रेती होती.

कोणीतरी दोर बांधून नदीच्या ओल्या रेतीतून मोटार ओढली होती. अब्बा भुसावळला लग्नाला गेले होते आणि परतल्यापासूनच हा आवाज सुरू झाला होता, हे अनवरीला आठवलं. त्या दिवशी मोटारीची चावी छगनकडे होती, हे कुंदाला आठवलं.

संध्याकाळी चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर, अनवरीने साधेपणाने विचारलं, "छगनभाऊ, गिरणा नदीतून मोटार ओढली ते बैल कुणाचे होते?"

"पुनाआबाचे," छगन बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

मग सगळं बाहेर आलं. मित्रांना फिरवायला नेलं होतं, चाकं रेतीत रुतली, हाताला लागली त्या सळईला दोर बांधला आणि नंतर तोंड बंद ठेवलं. इंदिराबाईंनी कप खाली ठेवला. छगनला त्या फारसं बोलल्या नाहीत. अंगणात जाऊन त्यांनी रमजानची माफी मागितली.

लोहाराने सळई सरळ करून दिली. रमजाननी ती बसवली, इंजिन सुरू केलं, क्लच दाबला. गिअर पडला, पण आवाज नाही. मग त्यांनी रुमालाने डोळे पुसले.

"तपासल्याशिवाय मी कुणाला औषध देत नाही," इंदिराबाई मुलांना म्हणाल्या. "या माणसाबद्दल मात्र मी न तपासताच निकाल दिला. डॉक्टरकी तुम्ही केलीत."

रमजाननी शेजारची सीट थोपटली. "अनवरी, ये. दुसरा गिअर तू टाक."

त्यांनी डाव्या पायाने क्लच दाबला, आणि अनवरीने दांड्यावर हात ठेवला.