दोरीचं माप

मगन खरादीचं पत्र दोन वर्षं माझ्या शब्दकोशाच्या पानांत पडून होतं. मी त्याला उत्तर दिलं नाही. पत्र संखेड्याहून, लाकूड कातणाऱ्या खरादींच्या गावाहून आलेलं, गुजरातीत, मोठ्या ठसठशीत अक्षरांचं. आधी मीच त्याला लिहून विचारलं होतं, की साठी उलटलेल्या नवशिक्याने लाकूड कातायला कोणतं यंत्र घ्यावं.

विचारण्याचं कारण डोळे. आमच्या संस्थानाचे महाराज त्या साली विलायतेत होते. त्याच उन्हाळ्यात डॉक्टरांनी काचबिंदू असल्याचं सांगितलं. नजर कडेकडेने मिटत येईल, मध्ये एक भोक राहील, मग तेही जाईल. बावीस वर्षं मी दरबारी दफ्तरात भाषांतरं केली. वाचण्यापलीकडे मला काही येत नाही, आणि तेही नीट येतं की नाही याची शंकाच असायची. अंधारात रिकाम्या हातांनी बसावं लागणार, या विचाराने मला घाम फुटे. मांडवीच्या बाजारात एक म्हातारा खरादी डोळे मिटून, नुसत्या बोटांनी चाचपत लाटणं गुळगुळीत करताना मी पाहिला होता. त्याच्याशी बोलायचा धीर झाला नाही, म्हणून संखेड्याला पत्र.

मगनने लिहिलं होतं: ‘पायाने चालवायचा लेथ एकट्याचा. दोरीचा संघाडा दोघांचा; एकाने दोरी ओढायची, दुसऱ्याने पटाशी धरायची. पाय चांगला असेल तर लेथ घ्या. संघाडा घेणार असाल तर दोरी कोण ओढणार ते कळवा आणि त्याच्या हाताचं माप पाठवा, खांद्यापासून मनगटापर्यंत. दोरी त्या मापाने कापतो. ज्याचं माप, त्यानेच ती ओढायची.’

माझा उजवा गुडघा वाकत नाही. आणि घरात मी एकटा. एवढी दोन वाक्यं लिहायची मला लाज वाटली.

पुढे मांडवीतल्या म्हाताऱ्याने धंदा सोडला. त्याचा संघाडा जुन्या दोरीसकट मी रावपुऱ्यातल्या माझ्या खोलीत आणून ठेवला. जमिनीलगत दोन ठोकळे, त्यांच्यामध्ये अडकवलेलं लाकूड, लाकडाला दोरीचे वेढे. दोरीची दोन्ही टोकं समोर पाटावर बसणाऱ्याच्या हातात. त्याने एक टोक ओढलं की लाकूड माझ्याकडे फिरतं, तेव्हा पटाशी टेकवायची. दुसरं ओढलं की उलट फिरतं, तेव्हा उचलायची.

शेजारचे हिंमतराव, पागेतून निवृत्त झालेले, एक दुपार समोर बसले.

“पंत, जन्मभर घोड्यांचे लगाम ओढले. आता तुमचं लाटणं!”

“जड जातंय का?”

“जड कसलं? कंटाळा येतो हो. वेळेवर लग्न केलं असतंत, तर आज दोरीला हक्काचं माणूस असतं.”

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मीही बोलावलं नाही.

मग रोज दुपारी मी न फिरणाऱ्या लाकडालाच पटाशी टेकवून बसू लागलो. निदान धरायची सवय व्हावी. बाहेर टांगे जात, भिंतीवरचं ऊन सरकत जाई. एका दुपारी लाकूड अर्धा वेढा फिरलं. दोरीचा पीळ सुटला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे फिरलं आणि परत गेलं. पटाशीखालून सागाची एक पातळ साल निघाली. ताज्या सागाचा वास आला.

माझी नजर तेव्हा वाडग्याएवढीच उरली होती. ती पटाशीच्या टोकावर असली की समोरचा पाट मला दिसत नसे. मान वर केली की पाट रिकामा आणि दोरी ढिली. मान खाली घातली की दोरी पुन्हा ताणली जाई. मी खोकलो तर ती थांबायची. हात थकला तर सावकाश चालायची. इतक्या समजुतीने माझ्याशी आजवर कोणी वागलं नव्हतं.

तीन लाटणी झाली. चौथं चालू असताना मला राहवलं नाही.

“कोण आहे?”

दोरी खाली पडली.

अकरा दिवस ती तशीच होती. त्या अकरा दिवसांत नजरेचं भोक रुपयाएवढं झालं. मी पटाशी धरून बसे. लाकूड हलत नसे. तिन्ही लाटणी मांडीवर घेऊन मी त्यांवरून बोटं फिरवत राही.

बाराव्या दिवशी मी रिकाम्या पाटासमोर हात जोडले.

“पुन्हा विचारणार नाही. ओढा.”

मी पटाशी उचलली आणि मान खाली घातली.

मग दोरी ताणली गेली.

परवा ती तुटली. जुनीच होती. नव्या दोरीसाठी मगनला लिहिणं भाग होतं. मी समोरच्या पाटावर एक सुतळी ठेवली, “हाताचं माप द्या,” म्हणालो आणि मुद्दाम बाहेर जाऊन आलो. परतलो तेव्हा सुतळीला दोन गाठी होत्या.

आज सकाळी, उरल्या नजरेने, मी उत्तर लिहिलं: ‘दोरी ओढणारं माणूस आहे. माप सोबत.’ पटाशी मात्र माझ्या बाजूला सापडेना. चाचपत गेलो, तर ती समोरच्या पाटाजवळ होती. मूठ कोमट लागली.

हिंमतरावांनी हात धरून मला टपालपेटीपर्यंत नेलं.

“पाकिटात काय आहे एवढं?”

“दोरीचं माप. ओढणाऱ्याच्या हाताचं.”

“मिळालं का कोणी? बघू.” त्यांनी सुतळी बाहेर काढली, थट्टेने एक गाठ माझ्या खांद्यावर दाबली आणि दुसरी खाली सोडली. ती नेमकी माझ्या मनगटाच्या हाडावर टेकली. त्यांनी पुन्हा लावून पाहिली.

“अहो, हे तर तुमचंच माप. मग पटाशी कोण धरणार?”

सकाळची ती कोमट मूठ मला आठवली. मी सुतळी त्यांच्याकडून घेतली, पाकिटात घालून ते चिकटवलं, पेटीचं तोंड बोटांनी शोधलं आणि पत्र आत टाकलं.