एक ठोका

झाड पाडणाऱ्याच्या मागे माणूस लागतो. लोकांना वाटतं, हातात चेनसॉ असली की एकटा पुरे. पण मशीन सुरू झालं, कानांवर झाकणं चढली, की बापाने हाक मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून मागचा माणूस लांब काठी घेऊन उभा राहतो. पाठीवर एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे मशीन टाक आणि पळ. एवढीच आमची भाषा.

माझ्या मागे दहा वर्षं दाजी उभे राहिले, ताईचे यजमान. गेल्या वर्षी एक ओलं खोड कापता कापता उभं चिरलं आणि मागे उसळून त्यांच्या छातीवर बसलं; ते जागीच गेले. लोकांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "ठोका आलाच नाही." मग सगळे म्हणायला लागले, दाजींचं लक्ष नव्हतं. परवा भाचीनेही विचारलं, "मामा, तेव्हा बाबांचं लक्ष कुठे होतं?" मी खाली चपलांकडे बघत बसलो. लाज वाटली, तरी त्या पायात सरकवून निघालो.

हल्ली माझ्या मागे रेडिओ असतो. तोंडाला कुलूप नाही, म्हणून हे नाव. आज दुपारी दवाखान्यामागचं वाळकं झाड पाडायचं होतं. भर दुपारी धुकं उतरलेलं, वरच्या खिडक्याही दिसेनात. पळायची वाट साफ केली, झाड पाडायच्या बाजूला खाच घेतली आणि मागून पातं घातलं.

एक ठोका.

मी थांबलो. झाकणं वर केली. रेडिओ पार दहा पावलं मागे, काठी बगलेत धरून नाक पुसत होता.

"काय रे, काय झालं?"

"कुठे काय?"

"ठोकलंस ना आत्ता?"

"इथून? माझा हात काय रबराचा आहे?"

मी हसलो. त्याला जवळ बोलावलं आणि पुन्हा सुरुवात केली. पातं बोटभर आत गेलं असेल नसेल, पुन्हा एक ठोका. डाव्या खांद्याखाली, हाडाच्या अगदी कडेला. रेडिओ उजवीकडे ठोकतो. डावीकडे फक्त दाजी ठोकायचे... नाकात ओल्या, ताज्या भुशाचा वास शिरला. हे झाड तर दोन वर्षं वाळलेलं होतं.

मशीन बंद केलं. 

"आला होता," मी म्हणालो. "ठोका आला होता, दाजी. मीच थांबलो नाही. चारच बोटं राहिली होती... म्हटलं, उरकून टाकू."

रेडिओ खोडाशी वाकला. त्याने नुसतं बोट दाखवलं. माझ्या कापापासून केसाएवढी चीर निघून खोडात सरळ वर गेली होती. आणखी थोडं कापलं असतं, तर तेच झालं असतं. खोड आणखी चिरू नये म्हणून चिरेच्या वर जाड साखळी आवळून बांधली, मगच झाड पाडलं.

तसाच ताईकडे गेलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी भिंतीला पाठ लावून बसलो आणि सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"त्यांनी ठोकलं होतं?"

"हो."

"वर्षभर मी त्यांनाच बोल लावतेय..."

"पोरीला हाक मार, ताई. तिलाही मीच सांगतो."

आतल्या खोलीतून भाचीची पावलं वाजली. आणि तेवढ्यात माझ्या डाव्या खांद्याखाली, जिथे पाठ भिंतीला चिकटली होती तिथे, दोन ठोके पडले.

पाय आपोआप उचलले गेले. वर्षभर मी दुसरं काय केलं होतं? दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. उठलो नाही.

ताई माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून, मागच्या भिंतीकडे बघत ती हळूच म्हणाली,

"असू द्या हो... बसू द्या त्याला आज."