ठोंब्याचा जन्मखर्च

यंत्रमानवाला वैताग येत नाही, असं मला बनवणारे लोक छातीठोकपणे सांगतात. त्यांनी एकदा संक्रांतीच्या सुमारास आमच्याकडे यावं आणि माळा उघडून बघावा.

मी ठोंब्या. हे नाव शाल्मलीने बोबड्या वयात ठेवलं. त्याआधी मला नुसता नंबर होता. साताऱ्याच्या ‘हिरवाई’ सोसायटीत मी तिच्या आईचं, ईश्वरीताईंचं, घर सांभाळतो. झाडलोट करतो, भाज्या चिरतो, बिघडलेलं दुरुस्त करतो आणि माळा आवरतो. माळा हेच माझं खरं दुखणं आहे.

त्याचं असं आहे. आमच्या सोसायटीत घरोघरी हळदीकुंकू होतं आणि घरोघरी वाण लुटलं जातं. वाण नवंकोरं हवं, शिवाय पर्यावरणपूरक हवं, हा इथला अलिखित नियम. आलेल्या वाणाला नाही म्हणायचं नाही, हा दुसरा. त्यामुळे आमच्या माळ्यावर कापडी पिशव्यांचे गठ्ठे आहेत, बांबूचे टूथब्रश आहेत, करवंटीच्या साबणदाण्या आहेत आणि सौरकंदील (उन्हावर चार्ज होणारे दिवे) आहेत. सौरकंदील गेली कित्येक वर्षं काळोखात पडून आहेत. पृथ्वी वाचवायच्या नादात मला पाय ठेवायला जागा उरलेली नाही.

त्या दुपारी ताईंनी आणखी एक खोकं माझ्या हातात दिलं. “यंदाच्या वाणाच्या पिशव्या आहेत. वर ठेव. आणि हे बघ, उद्या सकाळी तुला न्यायला गाडी येईल.”

“मला?”

“बदली योजना आहे ना. जुना यंत्रमानव द्यायचा, हिरवा घ्यायचा. नवा निम्म्या विजेवर चालतो. शेजारच्या तन्वीवहिनींकडे आलासुद्धा. तुझी वीज बघितली की मलाच अपराधी वाटतं रे.” ताई माझ्याकडे न बघता बोलत होत्या.

मला भीती वाटली. जुन्या यंत्रमानवांचे भाग सुटे करून वितळवतात, हे मला माहीत होतं.

मी खोकं घेऊन माळ्यावर चढलो, तशी शाल्मलीही शिडीवर चढून माझ्याजवळ आली. तिचे डोळे लाल झाले होते. “ठोंब्या, तो नवा खरंच पृथ्वीसाठी चांगला आहे का? स्वतःचं बघू नकोस हं. खरं सांग.”

खोटं बोलायचा मोह झाला, नाही असं नाही. पण या मुलीला पाढे मी शिकवले होते. तिला चुकीचं गणित शिकवणं मला जमलं नसतं.

मी माळ्यावरच्या जुन्या गठ्ठ्यातली एक पिशवी तिच्या हातात दिली. “ही वापरलीस कधी?”

“नाही. पण वापरली नाही म्हणजे काही खर्चच झाला नाही ना?”

“झाला तर! कापूस पिकवायला पाणी लागलं. मग सूत, मग कापड, मग रंग, मग शिलाई, मग ट्रकने प्रवास. तुझ्या हाती येण्याआधीच हिने पुष्कळ ऊर्जा खाल्ली. त्याला आपण म्हणू जन्मखर्च (वस्तू घडवतानाच होऊन गेलेला खर्च). पिशवी पुन्हापुन्हा वापरली की तो हळूहळू फिटतो. माळ्यावर ठेवली तर कधीच फिटत नाही.”

“मग प्लास्टिकची बरी?”

“अजिबात नाही. ती ओढ्यात जाते, गुरांच्या पोटात जाते. कापडीच बरी. पण एक, आणि फाटेपर्यंत. फाटली की ठिगळ लावून पुढे. गठ्ठे कशाला हवेत?” माझा आवाज जरा चढला असावा, कारण ताई शिडीखाली येऊन उभ्या राहिल्या.

“आता यंत्रमानवाचं सांग,” शाल्मली म्हणाली.

“नव्याचा जन्मखर्च मोठा. धातू, चिप, बॅटरी सगळं आलं. मी नऊ वर्षांत जेवढी वीज खातो, तेवढी तो जन्माआधीच खाऊन येतो. पुढे दर वर्षी माझी निम्मी वीज वाचवतो. मग जन्मखर्च फेडायला त्याला किती वर्षं लागतील?”

तिने बोटांवर हिशेब केला. “अठरा.”

“आणि त्याची हमी पाच वर्षांची.”

“हा स्वतःचीच बाजू घेणार,” ताई खालून म्हणाल्या.

“ताई, मग जुना फ्रीज काढायला कोणी लावला? मीच. तो रात्रंदिवस इतकी वीज गिळायचा, की नव्याने आपला जन्मखर्च दोन वर्षांत फेडला. जुनं ते सोनं असं मी म्हणत नाही. गणित मांडून बघा, एवढंच म्हणतोय. उत्तर माझ्याविरुद्ध आलं असतं, तर तेही सांगितलं असतं.”

ताईंनी तोच हिशेब बोटांवर पुन्हा करून पाहिला. मग त्यांनी फोन करून गाडी नको म्हणून कळवलं. पिशव्यांचं खोकं, अजून न फोडलेलं, परत पाठवलं.

“पण वाण काय देऊ?” त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. “रिकाम्या हाताने पाठवू बायकांना?”

“बिघडलेलं आणा म्हणावं, दुरुस्त करून देऊ,” शाल्मली म्हणाली. “ठोंब्याला येतं की सगळं.”

मला कोणी विचारलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

हळदीकुंकवाला बायका आल्या त्या मुक्या झालेल्या मिक्सरांसकट, तुटक्या छत्र्यांसकट आणि न पेटणाऱ्या सौरकंदिलांसकट. मी आणि शाल्मली दुरुस्तीला बसलो होतो. तीळगूळ एकीकडे, तारा जोडायची सोल्डरिंगची सळई एकीकडे. माझी बॅटरी उतरत आली, तरी दारातली रांग हलेना.

सगळ्यांत शेवटी तन्वीवहिनी आल्या. त्यांच्यामागून दोन माणसं त्यांचा नवा, हिरवा यंत्रमानव उचलून आणत होती. त्याचा खांदा अडकला होता. “कंपनी म्हणते, उघडता येत नाही, दुसरा घ्या,” वहिनी ओशाळून म्हणाल्या. “बघतोस का रे जरा?”

मी तो उलटासुलटा करून पाहिला. अंगावर एकही स्क्रू नव्हता, सगळं चिकटवलेलं. माझा वैताग अगदी टोकाला गेला. “कड गरम करून उचकटावी लागेल. यंत्र कधीतरी बिघडणार, हे बनवणाऱ्याला सुचू नये?”

“मी मोठी झाले ना, की उघडता येतील असेच यंत्रमानव बनवणार,” शाल्मली म्हणाली.

मी तिच्या हातात पक्कड दिली आणि तिला माझ्या शेजारी सरकवून घेतलं. त्यासाठी मोठं होईपर्यंत थांबायची काही गरज नव्हती.