कठड्यावरचं फडकं

खिडकीची जागा माझी नव्हती, तरी मी खिडकीत बसले होते. ती रादिमची जागा होती आणि रादिम काही येणार नव्हता.

जूनमध्ये स्वस्तातली तिकिटं निघाली तेव्हा आम्ही दोघांनी मिळून ही काढली होती. आमच्या चेक देशातल्या ब्रनोहून बसने सकाळी व्हिएन्ना आणि रात्री परत. ऑगस्टमध्ये आम्ही एकमेकांना सोडलं. असल्या तिकिटांचे पैसे काही केल्या परत मिळत नाहीत. मग मी म्हटलं, प्रेम गेलं ते गेलं, तिकीट कशाला घालवायचं?

बस सुटता सुटता दार पुन्हा उघडलं. ऑक्टोबरची भुरभुर अंगावर घेऊन एक उंच माणूस आत चढला. गळ्यात राखाडी मफलर... मीच दिलेला. तो जागांचे आकडे वाचत वाचत पुढे आला आणि माझ्यापाशी येऊन थबकला.

“ती जागा...” रादिम म्हणाला.

“तुझीय. माहितीय मला. उठू?”

“नको, नको. बस तू. मला काय, कुठंही चालतं.”

हेच! याच एका वाक्यावर माझं डोकं फिरायचं. रादिम जमीनमोजणीच्या खात्यात आहे आणि आयुष्यातली प्रत्येक गोष्ट तो चारही बाजूंनी मोजल्याशिवाय पाऊल उचलत नाही. उन्हाळ्यात आम्हाला एक घर मिळत होतं. दोन खोल्या, खिडकीबाहेर अक्रोडाचं झाड. घरमालकाला शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. मी विचारलं, घ्यायचं ना? तर हा म्हणे, “बघू.” गुरुवारी विचारलं, तरी “बघू.” शुक्रवार गेला, घर दुसऱ्या जोडप्याला गेलं. “तुझं मोजून होईतो माझे केस पिकतील,” असं सांगून मीही गेले.

“तू कशी काय?” बस शहराबाहेर पडल्यावर त्याने शेजारच्या जागेवरून हळूच विचारलं.

“तिकीट होतं म्हणून. आणि तू?”

“मीही... तिकीट होतं म्हणून.”

झालं, बोलणं संपलं. मिकुलोवचे द्राक्षांचे मळे आले नि गेले, सरहद्द कधी ओलांडली कळलंही नाही. तेवढ्यात पुढच्या सीटवरच्या बाईंनी नाक वर करून मागे पाहिलं.

“काय हो, श्निट्झेल कुणाच्या पिशवीत आहे? जीव कासावीस झाला ना आमचा!”

आम्ही दोघांनी एकाच वेळी आपापली पिशवी पायाशी ढकलली. आमच्याकडे माणूस गावाबाहेर पाऊल टाकायला निघाला की घरात पहिल्यांदा श्निट्झेल, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवलेला मांसाचा पातळ काप, तळला जातो, दोन पावांच्या मध्ये जातो आणि वर काकडीचं लोणचं. व्हिएन्नाचे लोक सांगतात की हा पदार्थ मुळात त्यांचा. सांगू देत. आम्ही मात्र त्यांच्या दारात तोच डब्यात घालून नेतो आणि त्यांच्याच बागेत बसून खातो.

“आईनं दिले?” मी विचारलं.

“तिच्या लाल चौकड्यांच्या फडक्यात बांधून. फडकं परत आणलं नाहीस तर घरात घेणार नाही म्हणाली.”

हसायचं नाही असं ठरवूनही मला हसू आलं. त्याने ते पाहिलं आणि पटकन खिडकीबाहेर बघायला लागला.

व्हिएन्नात उतरल्यावर खरं तर दोन दिशांना जायचं होतं. पण दोघांच्याही खिशात जूनमध्ये ठरवलेलाच बेत होता. जे जे फुकट ते ते बघायचं, आणि संध्याकाळी ऑपेरात सर्वांत स्वस्त तिकीट काढून उभ्याने ऐकायचं. वाटच एक होती, त्याला कोण काय करणार! बेल्वेडेरच्या राजवाड्यात आम्ही गेलो नाही, पण त्याच्या बागेत मनसोक्त फिरलो. पाण्याच्या नळावर बाटल्या भरल्या. केकच्या दुकानांच्या काचांना नाक लावून उभे राहिलो.

“तो चॉकलेटचा,” रादिम म्हणाला.

“तो वाळलेला असतो. त्याच्या शेजारचा, मनुकांचा.”

“बरं, मनुकांचा घेतला. आता कुणी किती खाल्ला?”

“तू सगळा. मला एक घास दिलास... तोही मागितल्यावर.”

“खोटं. अर्धा दिला मी.”

“अरे, काचेपलीकडच्या केकमध्ये तरी मोठा घास घेऊ दे की मला!”

तो हसला. त्याचं ते हसू, डावीकडून सुरू होऊन सावकाश उजवीकडे जाणारं... मला दोन महिने कशामुळे चुकल्यासारखं वाटत होतं ते तिथे, त्या काचेसमोर कळलं. मी लगेच चालायला लागले.

ऑपेराच्या मागच्या बागेत ओल्या बाकावर वर्तमानपत्र पसरून आम्ही डबे उघडले. त्याने माझ्या डब्यात डोकावलं.

“चार?”

“हो, चार.”

“तुला तर एक जड जातो.”

“भूक वाढलीय माझी,” मी म्हटलं. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. रादिमला एका वेळी दोन लागतात, हे जगात त्याच्या आईखालोखाल मलाच ठाऊक. सकाळी तळताना हात आपोआप चारवर गेला होता. त्याने आपल्या फडक्यातलं काकडीचं लोणचं माझ्या झाकणात ठेवलं.

इथेच गप्प बसले असते तर दिवस गोडीत गेला असता. पण माझा स्वभाव! कोपऱ्यावर भाजलेल्या चेस्टनटची गाडी होती. आम्ही दोघांत एक पुडी घेतली. हात गरम झाले, मन मऊ झालं आणि मी विचारून बसले.

“रादिम, खरं सांग... का आलास?”

त्याने एक चेस्टनट सोलला. सोललेला पुन्हा सोलला. मग म्हणाला, “सांगितलं ना. तिकीट...”

“वाया जाईल म्हणून.”

“हो... म्हणजे... बघ ना...”

“नको सांगूस.” मी उरलेली पुडी त्याच्या हातात कोंबली. डोळ्यांत पाणी यायच्या आत तिथून निघायचं होतं.

“अगं, वेंदुल्का! ऑपेराला यायचंय ना?”

“बघू,” मी म्हटलं. त्याचाच शब्द त्याला परत दिला आणि क्षणभर फार बरं वाटलं.

“मी जागा धरून ठेवतो.”

“तू?” मी वळून म्हटलं. “तू आजवर कुठली जागा धरलीस रे?”

त्याचा चेहरा उतरला. मी बघितला आणि तरीही निघाले.

दिवसभराचा पास होता, म्हणून समोर आलेल्या ट्राममध्ये चढले. जुन्या शहराभोवती गोल फिरणारा रस्ता, तिथे ट्राम बदलत राहिलं की माणूस फिरून पुन्हा तिथेच येतो. काचेवरून पावसाचे थेंब तिरके पळत होते. मी स्वतःला समजावत होते की चांगलं झालं, एकदाचं स्पष्ट झालं. तो तिकिटासाठी आला होता, माझ्यासाठी नाही. पण मग मी तरी कशासाठी आले होते? चार श्निट्झेल तळून, त्याला आवडतो तो हिरवा कोट घालून, कशासाठी?

ट्राम ऑपेरासमोरून गेली. मी मुद्दाम दुसरीकडे बघायचं ठरवलं होतं, तरी पाहिलंच. पायऱ्यांवर तो नव्हता. गेला असेल आत. की बसथांब्यावर जाऊन बसला? या माणसाचा राग येतो, तरी तो दिसला नाही की जीव खालीवर का होतो, याचं उत्तर मला त्या ट्राममध्ये मिळालं आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या फेरीला तो होता. छपराखाली सगळी गर्दी, आणि हा बाहेर पहिल्या पायरीवर, पावसात. सगळ्या बाजूंनी येणारी माणसं दिसावीत म्हणून. गळा उघडा. मी घंटेचं बटण दाबलं ते पुढचा थांबा येईपर्यंत दाबूनच धरलं.

“मफलर कुठाय तुझा?” धापा टाकत मी पहिलं हेच विचारलं.

“आत. जागेवर.”

“आजारी पडशील.”

“आत चल आधी. सुरू होईल.” त्याने खिशातून दोन तिकिटं काढली. दोन्ही ओली झाली होती.

उभ्याच्या जागेची तिथली रीत सगळ्यांना ठाऊक आहे. लवकर आत जायचं, समोरच्या कठड्याला आपला मफलर बांधायचा, मग खुशाल बाहेर जाऊन यायचं. मफलर आहे तिथे माणूस आहे, त्याला कुणी हात लावत नाही. आम्ही आत शिरलो तेव्हा कठडाभर रेशमी, लोकरी, फुलाफुलांचे मफलर बांधलेले होते. आणि बरोब्बर मधोमध, सोनेरी झुंबराच्या उजेडात, रादिमच्या आईचं लाल चौकड्यांचं फडकं.

दोघांपुरत्या जागेत एका बाजूला त्याचा राखाडी मफलर, दुसऱ्या बाजूला फडकं, आणि मध्ये कुणी घुसू नये म्हणून दोन्हींची टोकं एकमेकांना घट्ट बांधलेली.

“तुझ्यासाठी दुसरा मफलर नव्हता,” तो पुटपुटला. “म्हणून मग...”

शेजारी एक वृद्ध बाई दुर्बीण पुसत उभ्या होत्या. नेहमीच्या असाव्यात, घडीचं स्टूलसुद्धा सोबत होतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“म्हणजे तू होय ते फडकं?” त्या जर्मनमध्ये म्हणाल्या.

“मी... काय?”

“अगं पोरी, इथे केवढा तमाशा झाला! एका गृहस्थांना वाटलं, झाडणारी बाई फडकं विसरून गेली. लागले सोडायला. तर तुझा हा माणूस, इतका वेळ मान खाली घालून उभा होता, एकदम ओरडला की सगळं सभागृह वळलं. जर्मन तर त्याची अशी मोडकी! म्हणाला, ‘हात लावू नका! हे फडकं नाही, ही माझी बायको आहे!’”

मी रादिमकडे पाहिलं. तो झुंबरातले दिवे मोजत होता.

“चाळीस वर्षं येतेय मी इथे,” बाई म्हणाल्या. “कठड्याला श्निट्झेलचा वास पहिल्यांदा आला. पण असू दे. असा माणूस असू दे.”

“बायको?” मी हळूच विचारलं, आमच्या भाषेत.

“तेवढाच शब्द आठवला जर्मनमधला.”

“एवढाच?”

“हो... नाही.” त्याने कठडा दोन्ही हातांनी धरला. “वेंदुल्का, मी तिकिटासाठी नाही आलो. मला माहीत होतं तू येणार. तू तिकीट वाया जाऊ देणाऱ्यांतली नाहीस. मी तर पहाटेपासून बसथांब्यावर होतो, दुकानाच्या आडोशाला. तुला चढताना पाहिलं, मग धावत आलो.”

“मग दुपारी का नाही बोललास, अरे?”

“घाबरलो. तू नाही म्हणालीस तर परतीच्या बसमध्ये शेजारीच बसायचं होतं ना.”

मला हसू आणि रडू एकदमच आलं. दिवे मंदावायला लागले. खाली वादक तारा जुळवत होते.

“आणि तुझ्या डब्यात चार पाहिले, तेव्हा...” तो थांबला.

“तेव्हा काय?”

“तेव्हा मला कळलं की माझे दोन त्यात आहेत.”

“कळलं होतं तर गप्प का बसलास? मी काय पाटी लावू गळ्यात? हो, तुझेच होते! तुझ्याविना मला...”

“श्श्श!” आजूबाजूच्या दहा जणांनी एकदम दटावलं. बाईंनी तर दुर्बिणीने माझ्या खांद्यावर टिचकी मारली.

अंधार झाला. मग त्याने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि जे सांगायचं ते सांगितलं. एकही ‘बघू’ न घालता, चेक भाषेत, सगळं. म्हणाला, सोमवारी तो स्वतः घरं शोधायला निघणार, पसंत पडलं की आधी हो म्हणणार, मग किती खोल्या आहेत ते विचारणार. बाकीचं जे म्हणाला ते मी इथे सांगणार नाही. स्टेजवर कोण कुणासाठी गात होतं, मला आठवत नाही.

शेवटच्या अंकाआधी निघावं लागलं, बस कुणासाठी थांबत नाही. “बरंच झालं,” बाई कुजबुजल्या, “शेवटी सगळे मरतात.” रादिम कठड्यावरून मफलर सोडायला लागला. दोन्ही टोकं सुटली, पण मधली गाठ काही सुटेना. बांधतानाच मफलर पावसाने ओला होता, वाळता वाळता गाठ आवळली होती. तो आपल्या सवयीने नखांनी, अगदी धीराने, एकेक पीळ मोकळा करायला लागला.

“राहू दे ना,” मी म्हटलं.

त्याने मफलर गळ्यात घातला. फडक्याचं टोक माझ्या हातात राहिलं, आणि तसेच आम्ही ओल्या पायऱ्या उतरून बसच्या दिशेने निघालो. पाऊस थांबला होता. चेस्टनटवाला गाडी आवरत होता.

“आईला फडकं परत द्यायचंय,” रादिम म्हणाला. “नाहीतर घरात घेणार नाही.”

“मी देईन,” मी म्हटलं. “रविवारी. माझ्या हातानं.”