एक जादा

सत्य हे शेवटी आकड्यांतच सापडतं, अशी त्या संशोधन केंद्राची ठाम श्रद्धा होती. केंद्रात नेमकी किती माणसं काम करतात, हे मात्र कुणालाच खात्रीने सांगता येत नसे.

विभाग चार. मानसशास्त्र, आरोग्य, व्यवस्थापन आणि अभियांत्रिकी. चौघांच्या चार इमारती, चार झेरॉक्स मशिनं आणि एकमेकांविषयी चार वेगवेगळी मतं. मात्र चौघांनी गोळा केलेली माहिती शेवटी एकाच बाईच्या टेबलावर यायची. तिचं काम म्हणजे ती माहिती तपासायची, चुकीच्या ओळी काढायच्या आणि ‘माहिती शुद्ध आहे’ अशा प्रमाणपत्रावर सही करायची. बावीस वर्षं ती हेच करत होती. पाठीमागे सगळे तिला ‘गाळणी’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं. चहा पिणारा चहा पितो, गाळणीच्या वाट्याला गाळ येतो. नाव काही चुकीचं नव्हतं.

त्या वर्षी चारही विभागांनी प्रथमच एकत्र येऊन एक अभ्यास केला. विषय होता खुर्ची. अभियांत्रिकीने एक नवी खुर्ची बनवली होती. ती पाठ वाचवते का, हे आरोग्यवाले बघणार. मन रमवते का, हे मानसशास्त्रवाले विचारणार. आणि तिच्यावर बसून माणूस जास्त काम करतो का, हे व्यवस्थापनवाले मोजणार. केंद्रातलेच चौसष्ट कर्मचारी निवडले. प्रत्येकाला एक खुर्ची, बैठकीखाली वजन आणि त्याचा कल टिपणारी चकती. मनगटाला नाडी मोजणारी पट्टी. दारावर टेकवायचं हजेरीचं कार्ड. सुरुवातीला एक संमतिपत्र, मग आठवड्याला एक प्रश्नावली. मुदत चार आठवडे.

केंद्राची एक जुनी पद्धत होती. काहीही मागवायचं ते एक जादा मागवायचं. बिघडलं, हरवलं तर असावं म्हणून. तेव्हा खुर्च्या पासष्ट आल्या, पट्ट्या पासष्ट, कार्डं पासष्ट, आणि संमतिपत्रं, प्रश्नावल्याही पासष्ट पासष्ट छापल्या गेल्या. जादा संच ठेवायचा कुठे, हा प्रश्न नेहमीच्याच पद्धतीने सुटला. गाळणीच्या खोलीत फायलींच्या कपाटांची एक रांग होती, आणि रांगेमागे हातभर रुंद रिकामी जागा. वयस्कर शिपाईमामांनी ती पासष्टावी खुर्ची तिथे भिंतीकडे तोंड करून सरकवली, तिच्यावर पट्टी, कार्ड आणि प्रश्नावल्या ठेवल्या आणि हात झटकले.

“बाई, तुमच्या मागं ठेवलीय हं. अडचण नाही ना?”

“बावीस वर्षं सगळं माझ्या मागंच ठेवताय, मामा. आता काय अडचण?”

चार आठवडे गेले. चारही विभागांनी आपापली माहिती पाठवली. नियमाप्रमाणे प्रत्येकाने दोन फायली दिल्या होत्या: एक मूळ, एक साफ केलेली. शहाणा माणूस साफ केलेली उघडतो. गाळणीने सवयीने मूळ उघडली.

अभियांत्रिकीच्या मूळ फायलीत पासष्ट ओळी होत्या. साफ केलेलीत चौसष्ट. पासष्टावी काढल्याचं कारण दिलं होतं: ‘जादा खुर्ची. चकतीत दोष. विनाकारण एक्कावन्न किलो दाखवते.’

असतो दोष. यंत्र आहे.

आरोग्य विभागाच्या मूळ फायलीतही पासष्ट ओळी होत्या. ‘जादा पट्टी. कपाटांमागे पडून असताना ठोके नोंदले. बासष्ट. काढले.’

व्यवस्थापनाने पासष्टाव्या कार्डाची हजेरी काढली होती. रोज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी आत, संध्याकाळी पाच चाळीसला बाहेर. एकही रजा नाही. कारण: ‘तांत्रिक चूक.’ कारण बरोबर वाटत होतं. इतकी वक्तशीर हजेरी केंद्रात दुसऱ्या कुणाचीच नव्हती.

तिने वजनाचा आलेख आणि हजेरीचा तक्ता शेजारी शेजारी ठेवला. दहा वाजून अकरा मिनिटांनी एक्कावन्न किलो. दुपारी एक ते दीड शून्य. पुन्हा एक्कावन्न. पाच एकोणचाळीसला शून्य.

तीन विभागांनी तीन चुका काढून टाकल्या होत्या. तिघांच्या चुका एकत्र ठेवल्या की जेवणाची सुट्टीसुद्धा जुळत होती.

तिने मानसशास्त्राचा गठ्ठा सोडला. त्यांनीही एक संच ‘कुणीतरी गंमत केली’ म्हणून वेगळा बांधला होता. अक्षर बारीक, डावीकडे झुकलेलं. नाव कोरं. हुद्दा या रकान्यात लिहिलं होतं: जादा. शेवटचा प्रश्न सगळ्यांना सारखाच होता, ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ बाकीच्या चौसष्ट जणांनी पंख्यापासून पगारापर्यंत सगळं सांगितलं होतं. या संचात पहिल्या आठवड्याला काहीच नव्हतं. दुसऱ्या आठवड्याला एक ओळ होती.

‘खुर्ची भिंतीकडे तोंड करून आहे.’

तिसऱ्या आठवड्याला: ‘अजूनही.’

चौथ्या आठवड्याला: ‘घाई नाही.’

गाळणी उठली. कपाटांच्या मागे गेली. खुर्ची होती तशीच होती, रिकामी. वरच्या दिव्याचा उजेड तिथे अर्धाच पोचत होता आणि जुन्या कागदांचा वास येत होता. तिने खुर्चीला हात लावला नाही. कपाटाला लावला, आणि त्यातून आपली वही काढली.

काढून टाकलेल्या प्रत्येक ओळीची नोंद ती या वहीत ठेवत आली होती. बावीस वर्षं, एकशे एकोणीस अभ्यास. बुटांचा अभ्यास, जादा जोड. कानांची तपासणी, जादा अर्ज. जिथे जिथे नाडी मोजली होती तिथे बासष्ट. जिथे वजन होतं तिथे एक्कावन्न, बावीस वर्षांत एक किलो इकडे नाही की तिकडे नाही. जिन्याच्या अभ्यासात जादा माणूस रोज उतरताना नोंदला गेला होता. चढताना एकदाही नाही. आणि प्रत्येक ओळीपुढे तिच्याच टपोऱ्या अक्षरात एकच शेरा होता: ‘जादा संच. काढले.’

एकशे एकोणीस वेळा.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो भूगोलाचा शिक्षक होता. नकाशात नसलेल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता.

“एक्कावन्न किलो? म्हणजे तुझ्याहून वीस किलो कमी. खरं सांग, तुला हेवा वाटतोय.”

“अहो, मी गंमत करत नाहीये.”

“मग सही करून मोकळी हो. शुक्रवारी केंद्रात पाहुणे येणार, अहवाल सादर होणार, टाळ्या वाजणार. तुझ्या एका ओळीने कुणाचं काय अडलंय?”

“माझं काहीच अडलेलं नाही,” ती म्हणाली. “तेच तर. बावीस वर्षं कधीच काही अडलं नाही.”

दुसऱ्या दिवशी ती लवकर गेली. खुर्चीची चकती अजून चालू होती. बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिने खुर्ची दोन्ही हातांनी धरली, कपाटांमागून ओढून बाहेर आणली आणि खिडकीकडे तोंड करून ठेवली. मग आपल्या जागी बसून पडद्यावर आकडे उघडले. दहा वाजून अकरा मिनिटांनी शून्याचे एक्कावन्न झाले. चार आठवडे ते वजन डावीकडे कललेलं होतं. खिडकी डावीकडे होती. आज वजन अगदी मधोमध होतं.

खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. सायकली लावायची जागा होती.

तिने प्रमाणपत्रावर ‘सहभागी: चौसष्ट’ खोडून ‘पासष्ट’ लिहिलं आणि संचालकांकडे पाठवलं. अर्ध्या तासात संचालक स्वतः आले. मागे चारही विभागप्रमुख, एकमेकांपासून शक्य तितके लांब.

“मॅडम, हे काय नवीन?” संचालक म्हणाले.

“नवीन नाही, सर. बावीस वर्षं जुनं आहे.”

“अहो, चकती खराब आहे,” इंजिनिअर म्हणाले.

“आणि पट्टीही?” तिने विचारलं. “आणि कार्डही? तिघांची यंत्रं एकाच वेळी खराब होतात आणि एकाच वेळी जेवायला जातात?”

डॉक्टरीणबाई घसा खाकरून म्हणाल्या, “बासष्ट ठोके हे तसे... चांगल्या तब्येतीचे आहेत.” मग आपण हे कशाला बोललो असं त्यांना वाटलेलं दिसलं. व्यवस्थापनवाल्यांनी हजेरीचा तक्ता बघून उसासा टाकला. “असा एक जरी माणूस मला मिळाला असता!” मानसशास्त्राच्या बाई त्या बारीक अक्षराकडे बघत होत्या.

“हे बघा,” संचालक म्हणाले, “ती ओळ काढा. नाहीतर सोमवारपासून ही खोली बंद. तुमचं काम करणारी संगणकाची प्रणाली मिळते बाजारात. ती पासवर्ड विचारते, बाकी प्रश्न विचारत नाही.”

“मग तिच्याकडून सही घ्या. माझी मिळणार नाही.”

“एका रिकाम्या खुर्चीसाठी नोकरी घालवणार?”

“रिकामी आहे असं चार विभाग म्हणताहेत. मोजमाप तसं म्हणत नाही.”

“कमाल आहे!” संचालक म्हणाले. “ही घ्या तुमची खुर्ची!” आणि ते तिच्यावर जाऊन बसले.

पडद्यावरचा आकडा बदलला.

“सर,” गाळणीने विचारलं, “तुमचं वजन किती?”

“चौऱ्याऐंशी. का?”

पडद्यावर एकशे पस्तीस होते.

संचालकांनी पडद्याकडे बघितलं. मग हळूच आपल्या मांडीकडे.

ते उठले. बसले होते त्यापेक्षा बरेच सावकाश उठले, गर्दीतून वाट काढत उठावं तसे.

आकडा एक्कावन्नवर आला.

“दोष आहे,” इंजिनिअर म्हणाले. आवाज इतका लहान होता की तो दोष त्यांचाच वाटला.

“असेल,” गाळणी म्हणाली. तिने टेबलाचा खण उघडून संमतिपत्रांचा गठ्ठा काढला. सर्वांत खालचं संमतिपत्र पासष्ट क्रमांकाचं होतं. सहीच्या जागी एक आडवी रेघ, डावीकडे किंचित झुकलेली. “नियम सात. सहभागी व्यक्ती स्वतःच्या लेखी इच्छेने कोणत्याही क्षणी बाहेर पडू शकते. तिला दुसऱ्या कुणी बाहेर काढावं, असं कुठंही लिहिलेलं नाही. नियम तुम्हीच लिहिलाय, सर.”

“मग घ्या लेखी!” संचालक ओरडले. पण ओरडताना ते खुर्चीपासून दोन पावलं मागे गेले होते.

तिने माघारीचा अर्ज काढला. त्यावर दोनच चौकटी होत्या: ‘सहभाग मागे घेत आहे’ आणि ‘घेत नाही’. अर्ज खुर्चीवर ठेवला. वर पेन ठेवलं.

“आमची सुट्टी पाच चाळीसला होते,” ती म्हणाली. “तोपर्यंत थांबू.”

कुणीही जायला निघालं नाही. पाचजण तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. शिपाईमामा चहा घेऊन आले, कप मोजले, सात. एक नेहमीप्रमाणे जादा होता. त्यांनी तो खुर्चीशेजारच्या खिडकीत ठेवला आणि निघून गेले.

एक वाजता आकडा शून्य झाला. दीडला परत आला.

चार वाजता उन्हाची तिरीप खुर्चीवर आली. सगळे बघत होते. पेन हललं असं कुणालाही दिसलं नाही.

पाच एकोणचाळीसला आकडा शून्यावर गेला.

गाळणीने अर्ज उचलला. दुसऱ्या चौकटीत खूण होती.

अक्षर बारीक होतं. खाली एक ओळ जास्त लिहिली होती.

‘खिडकीबद्दल आभार.’

तिने प्रमाणपत्र संचालकांपुढे धरलं. पासष्ट या आकड्याखाली त्यांनी सही केली. मग चौघांनी. आणि सर्वांत शेवटी, आपल्या टपोऱ्या अक्षरात, तिने.

शुक्रवारी अहवाल आला आणि टाळ्या वाजल्या. दोनशे बारा पानांचा निष्कर्ष असा होता की नव्या खुर्चीने पाठीला, मनाला किंवा कामाला कसलाही फरक पडत नाही. पासष्टपैकी चौसष्ट सहभागी असमाधानी होते. पाहुण्यांनी आकड्याबद्दल काही विचारलं नाही. चौसष्ट खुर्च्या परत गेल्या. पासष्टावी खिडकीपाशी राहिली, कारण परत न्यायच्या यादीत चौसष्टच लिहिल्या होत्या.

संचालकांनी मग एक परिपत्रक काढलं: यापुढे कोणत्याही अभ्यासासाठी काहीही जादा मागवू नये. गाळणीने त्यावर लेखी हरकत घेतली. परिपत्रक कायम राहिलं.

पुढचा अभ्यास टेबलावरच्या दिव्यांचा होता. चाळीस कर्मचारी, चाळीस दिवे, चाळीस अर्ज. चाळीसच्या चाळीस अर्ज वेळेत भरून परत आले. त्या चाळीस जणांतल्या एका कारकुनाने तेवढी तक्रार केली की आपल्याला अर्ज मिळालाच नव्हता.