मुत्तूला बोलवायची खूण

रविवारी दवाखाना बंद असतो हे अख्ख्या तंजावूरला ठाऊक. त्या माणसाला मात्र ठाऊक नसावं, किंवा ठाऊक असूनही तो आला असावा. कीर्तना आदल्या दिवशी विसरलेला डबा न्यायला आली, तर दाराशी पायरीवर एक उंच, उन्हाने रापलेला तरुण बसलेला. मांडीवर वेताची टोपली, टोपलीवर पंचा, आणि पंचा आपोआप वर-खाली होतोय.

"कानांची तपासणी करणाऱ्या तुम्हीच की?" त्याने विचारलं. मराठी घरचीच, पण वाक्याचं शेपूट तमिळ वळणाने वर उचललेलं.

"हो. बाळ कुठाय?"

त्याने पंचा बाजूला केला. आत गुलाबी नाकांची, दुधासारखी पांढरी पिल्लं एकमेकांवर पाय टाकून गाढ झोपली होती.

"ही बाळं," तो म्हणाला.

कीर्तनाला हसू फुटत होतं, ते तिने कसंबसं गिळलं. समोरचा माणूस फारच गंभीर होता हो.

नाव हरिप्रसाद. पापनाशमला भातशेती, आणि घरात आजोबांच्या वेळेपासून राजपाळयम जातीची कुत्री. या जातीत पांढऱ्याशुभ्र पिल्लांमध्ये एखादं बहिरं निघतं, तीच धास्ती त्याला इथवर घेऊन आली होती.

"शेषाद्री काका म्हणतात, सगळी ऐकतात. ते पितळेचं ताट वाजवतात, की सगळी दचकून उठतात. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हीच परीक्षा."

"मग झालं की."

"कुठलं झालं? एकमेकांना चिकटून झोपतात ती. एक दचकलं की बाकीच्यांना धक्का बसतो. मी एकाला वेगळं निजवलं आणि ताट बडवलं, तर..." तो थांबला. "तर त्याने कूस सुद्धा बदलली नाही."

"आणि बहिरं निघालं तर काय करणार?"

"त्याच्या आईला, पाल्कोवाला, पुन्हा विऊ देणार नाही. ही पिल्लंही कुणाला पैदाशीसाठी देणार नाही, फक्त पाळायला. आजोबांचा वंश इथेच थांबेल. काकांनी तर पुढचा नरही ठरवून ठेवलाय... तिच्याच सख्ख्या भावाचा मुलगा. खरं काय ते कळल्याशिवाय मी त्यांच्याशी भांडू कसा?"

कीर्तनाने डॉक्टरांना फोन करून परवानगी काढली आणि कुलूप उघडलं.

तान्ह्या मुलांसाठीचंच यंत्र ते. झोपलेल्या पिल्लाच्या डोक्याला बारीक तारा लावल्या, कानात आवाज सोडला, आणि पडद्यावर रेघ हलली. चिमुकले उंचवटे उठले. हरिप्रसाद श्वास रोखून बघत राहिला.

"हे काय?"

"त्याचं ऐकणं. आवाज कानातून मेंदूत चाललाय, तो रस्ता."

"झोपेत?"

"झोपेतसुद्धा."

"अय्यो," तो हळूच म्हणाला, आणि देवळात जोडावेत तसे त्याने नकळत हात जोडले. कीर्तना रोज ही रेघ बघायची. रोज बघून बघून तिचं नवल पार आटलं होतं. त्याचे जोडलेले हात पाहिले आणि तिलाही ती रेघ नव्याने दिसली. मुंगीएवढा आवाज, आणि त्याला वाट दाखवायला केवढी रचना.

शेवटचं पिल्लू ते वेगळं निजवलेलं. डावा कान... रेघ सपाट. उजवा कान... सपाट. तिने आवाज वाढवला, तारा पुन्हा लावून पाहिल्या. काही नाही.

आता सांगायचं. याच क्षणाची तिला भीती वाटायची. ती सांगायची आणि समोरचे आईबाप विचारायचे, कुणाच्या घराण्यातून आलं? कुणाची चूक? बायका नवऱ्याकडे बघायच्या, सासवा सुनांकडे. मूल तिथेच बसलेलं असायचं, त्याच्याकडे कुणी बघायचं नाही.

"याला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "दोन्ही कानांनी."

हरिप्रसादने पिल्लू उचलून छातीशी धरलं. त्याच्या कानामागे बोट फिरवलं. मग म्हणाला, "सरी, ठीक आहे. मग याच्याशी बोलायचं कसं, ते शिकवाल?"

बस, एवढंच. एवढ्या वाक्यावर कुणी प्रेमात पडतं का? कीर्तना पडली. तिला ते घरी पोचेपर्यंत कळलं नाही, ही गोष्ट वेगळी.

पिल्लाचं नाव ठरलं मुत्तू, म्हणजे मोती. दर रविवारी ती पापनाशमच्या बसमध्ये बसायची. चारी बाजूंनी भिंत असलेल्या खळ्यात ती आणि हरिप्रसाद मुत्तूला खुणा शिकवायचे. तळहात जमिनीकडे म्हणजे बस. मूठ म्हणजे थांब. आणि उघडा तळहात पुढे करून आपल्या छातीवर ठेवला, की ये.

"जरा हसून करा," ती शिकवायची. "तो तुमचा चेहरा वाचतो. असं कपाळाला आठ्या घालून बोलावलंत तर कोण येईल?"

"हसून बोलावलं तर कोण कोण येईल?"

"मुत्तू येईल," ती म्हणाली, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्याच.

पाल्कोवाची शस्त्रक्रिया झाली. काकांनी अबोला धरला. बाकीची पिल्लं एकेक करून गेली, पण हरिप्रसाद आधी जाऊन प्रत्येकाचं घर पाहून आला. अंगण किती, दिवसभर घरी कोण, साखळीला तर बांधणार नाही ना? आणि शेवटी प्रत्येकाकडून वचन घ्यायचा, सांभाळणं जमलं नाही तर रस्त्यावर नाही, माझ्या दारात आणून सोडायचं. मुलीसाठी स्थळ शोधतानाही एवढं कुणी बघत नाही, अशी कीर्तना त्याची थट्टा करायची.

एकदा तो मुत्तूला तंजावूरला घेऊन आला. राजवाड्याजवळच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात कीर्तनाचे अप्पा, वेंकटराव, मृदंग शिकवायचे. अप्पांनी थाप दिली मात्र, मुत्तू थबकला. मग सरळ जाऊन मृदंगाशेजारी जमिनीच्या थरथरत्या लाकडी फळीवर पोट टेकून पसरला आणि त्याने डोळे मिटले. अप्पा वाजवत राहिले. मुत्तूची शेपटी फळीवर हळूहळू आपटायला लागली. हरिप्रसादच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि कीर्तना ते पाणी बघत होती.

अप्पांनी शेवटी हात थांबवला. "इतक्या वर्षांत असा शिष्य मिळाला नव्हता. मान डोलवायला घाई नाही, आणि मध्ये बोलत तर अजिबात नाही."

त्याच भरात ती जिन्यात म्हणाली, "मुत्तू मला द्या."

हरिप्रसादचा चेहरा उतरला. "नाही देता येणार."

"मला? मला नाही?"

"दुसरा मजला, खाली अरुंद गल्ली. गाडीचा हॉर्न त्याला ऐकू यायचा नाही. आणि ही पळणारी जात, कीर्तना. इथे तो पळणार कुठे? दुसऱ्या कुणाचं असं घर असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. मग तुम्हाला..."

"कळलं," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

राग त्याच्यावर नव्हता, हे तिलाही कळत होतं. तो बरोबर होता, म्हणूनच तर जास्त झोंबलं. पुढच्या रविवारी ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आता कुठल्या तोंडाने जायचं? मुत्तूला तर सगळ्या खुणा येत होत्या. तिचं तिथे कामच काय उरलं होतं?

पोंगलच्या आदल्या दिवशी फोन आला. शेषाद्री काका.

"उद्या या," ते गुरगुरले. "त्या पोरासमोर मी हरलो, घ्या. मुत्तूला मीसुद्धा हातानेच बोलावतो आता. पण इथे दोघं दिवसभर फाटकाकडे बघत बसतात. एक बहिरा आहे. दुसऱ्याला माझं बोललेलं ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी ती फाटकातून आत शिरली तेव्हा चुलीवरचा पोंगलचा भात रीतीप्रमाणे उतू चालला होता आणि काका खळ्याकडे मुद्दाम पाठ करून उभे होते. खळ्याच्या पार टोकाला हरिप्रसाद. मुत्तूने तिला पाहिलं आणि सुटला. पाय जमिनीला लागतात की नाही अशी धाव, पांढरी, निःशब्द. मोठ्ठं वर्तुळ घेऊन तो तिच्यापाशी आला, तिचे हात चाटले. कीर्तना बघतच राहिली. ही धाव तिने जिन्यावरच्या त्या घरात कोंडली असती.

"तुमचं बरोबर होतं," ती लांबूनच म्हणाली.

हरिप्रसादने उघडा तळहात पुढे केला आणि आपल्या छातीवर ठेवला. मुत्तू वाऱ्यासारखा गेला आणि त्याच्या पायाशी बसला.

त्याने पुन्हा तीच खूण केली. या वेळी हसून.

"आलाय की तो," कीर्तना म्हणाली.

"त्याला नाही बोलावलं."

ती जागच्या जागी उभी.

"मुत्तू तुमच्या घरी येऊ शकत नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही... त्याच्या घरी आलात तर? हे घर तुम्ही पाहिलंय. अंगण आहे. दिवसभर माणसं आहेत. आणि नाही जमलं तर..."

"तर तुमच्या दारात आणून सोडायचं?"

"तेच तर. दार हेच."

तिला हसू आलं, आणि या वेळी तिने ते गिळलं नाही. भाताच्या तुसांतून ती चालत त्याच्याकडे गेली. पोचल्यावर तिने त्याचा छातीवरचा तळहात धरला. खाली मुत्तूची शेपटी जमिनीवर आपटत होती, अगदी तालात.